फोडणी कशात देता?

छत्रपती संभाजीनगरात मोबाइलवर 'वीगन' असं लिहून हॉटेल शोधायला गेलं की हाती फारसं काही लागत नाही. वीगन म्हणजे मांस-अंड्यांबरोबरच दूध, तूप, मध असं प्राण्यांकडून येणारं काहीच न खाणारा. त्यावरून या शहरात दुधातुपाशिवाय जेवायला मिळत नाही असं ठरवणं म्हणजे घाई झाली. चूक शोधायच्या शब्दात आहे. 'वीगन' हा शब्द १९४४ साली ब्रिटनमध्ये जन्माला आला. आपल्याकडची ज्वारीची भाकरी त्याच्या कितीतरी आधीची. शोधायचंच तर 'झुणका-भाकर', 'चुलीवरची भाकरी', 'खानावळ', 'मेस' असं शोधावं. मग नकाशावर भराभर खुणा उमटतात. त्या प्रत्येक ठिकाणी लोकांनी टाकलेले मेन्यूकार्डाचे आणि ताटाचे फोटो आधी मोठे करून बघावेत. ताटात भाकरीवर चकाकी दिसते का, डाळीवर पांढरट रेघ दिसते का, हे घरबसल्या कळतं. पाच तारे आणि 'ॲम्बियन्स छान' याने आपलं पोट भरत नाही.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. 'शुद्ध शाकाहारी' ही पाटी वीगन माणसाच्या काही कामाची नाही. उलट तिथेच जास्त सावध राहावं लागतं. मटणाची उणीव पनीर, बटर, क्रीम आणि काजूने भरून काढायची, हा त्या स्वयंपाकघरांचा रिवाज आहे. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचंही तसंच. दूध, तूप, मध हे सगळं त्या ठिपक्यात बसतं. वीगन पदार्थांसाठी सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली वेगळे नियम केले आणि वेगळं चिन्हही दिलं, हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही आणि त्यावर पान. पण ते पाकीटबंद मालासाठी. भाजीच्या वाटीवर असलं काही छापलेलं नसतं. तिथे तोंडानेच विचारावं लागतं.

विचारण्याआधी मराठवाड्याच्या ताटात दूध नेमकं कुठे असतं ते ठाऊक असलेलं बरं. ते दोन जागी असतं, वर आणि आत. वरचं म्हणजे वाढताना पडणारं: भाकरीवर फासलेलं लोणी, वरणावरची तुपाची धार, पोह्यांशेजारचं दही, पुरणपोळीवरचं तूप. आतलं म्हणजे पदार्थाच्या घडणीतच असलेलं: ताकातलं पिठलं, ताकातली पालकाची भाजी, कढी, कण्या, आंबील, दह्यात भिजवलेले धपाटे. वरचं तुमच्या एका शब्दाने थांबतं. आतलं आचाऱ्याने हजार वेळा 'नाही' म्हटलं तरी निघत नाही. त्यामुळे पदार्थ निवडताना पहिला हिशेब हाच, दूध वर आहे की आत.

या हिशेबाने पाहिलं तर कोरडवाहू मुलखाचं रोजचं खाणं जवळजवळ सगळं आपल्या बाजूचं निघतं. भाकरी म्हणजे पीठ, पाणी, आच. झुणका, पाण्यातलं पिठलं, शेंगदाण्याचा ठेचा, कारळाची किंवा जवसाची चटणी, भरलं वांगं, तुरीच्या डाळीतली अंबाडी, हुलग्याची शेंगोळी, येसराची आमटी. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या भाजून दळलेलं हे येसर पाण्यात कालवून उकळलं की दाटपणा त्याचाच येतो, साय-मलई लागत नाही. पूर्वी फोडणी करडईच्या तेलाची असायची, आता बहुतेक ठिकाणी सोयाबीनची. दोन्ही चालतात.

म्हणून एक आडाखा बेलाशक धरावा: हॉटेल जितकं महाग, तितकं त्याच्या भाजीत दूध जास्त. तूप महाग आहे आणि साठ-सत्तर माणसांच्या मेसमध्ये ते ओतणं कुणालाच परवडत नाही. विद्यापीठाच्या आसपास, टीव्ही सेंटरला, औरंगपुऱ्यात विद्यार्थ्यांच्या ज्या खानावळी चालतात तिथली दोन भाज्या, वरण-भात, पोळीची थाळी बहुधा तेलातच उरकलेली असते. वीगन माणसाने संभाजीनगरात पहिलं जेवण तिथेच शोधावं, कॅनॉटच्या झगमगाटात नंतर. फक्त रविवारी आणि सणाला जाऊ नये. त्या दिवशी मेसवाल्याला कौतुक करायचं असतं आणि ते दुधातूनच होतं: मसालेभात तुपात, गोडाला खीर किंवा श्रीखंड. एकादशीला तर खानावळीची पायरीच चढू नये; भगर, साबुदाणा, बटाट्याची भाजी, सगळं तुपात. शेंगदाण्याची आमटी तेवढी वाचते, तीही फोडणी विचारूनच.

आता विचारायचं कसं. 'तूप नाही ना?' असं विचारलं की समोरून 'नाही नाही' येतं. त्यात खोटेपणा नसतो. प्रश्नातच उत्तर असलं की गर्दीच्या वेळी वाढपी तेच परत करतो, मान हलवतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. त्याऐवजी 'फोडणी कशात देता?' असं विचारावं. याला हो-नाही असं उत्तरच नाही. त्याला थांबून आठवावं लागतं किंवा आत जाऊन यावं लागतं. 'डाळीत तूप घालता का?' याऐवजी 'डाळ वाढताना वरून काय घालता?' 'ग्रेव्हीत दूध आहे का?' याऐवजी 'ग्रेव्ही कशाची आहे?' उत्तर 'काजू-मगज' असं आलं तर पुढचा प्रश्न 'आणखी काय?' या दुसऱ्या प्रश्नालाच खवा बाहेर येतो.

'वीगन' हा शब्द उच्चारायचा की नाही, यावर मतभेद आहेत. जालना रोडवरच्या मोठ्या हॉटेलांत वेरूळ-अजिंठ्याला आलेले परदेशी पाहुणे उतरतात, तिथे हा शब्द कळतो. बाकी ठिकाणी तो 'व्हेज' असा ऐकला जातो, आणि मग समोर पनीर येतं. त्यापेक्षा जिन्नस मोजून सांगावेत, तेही सगळे: दूध, दही, ताक, लोणी, तूप, बटर, पनीर, क्रीम, खवा. नुसतं 'दुधाचं काही नको' म्हटलं तर तूप सुटतं, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात तूप दुधाच्या रकान्यात नसतंच. ते वेगळंच, पवित्र खातं. बटरला तर कुणी दुधाचं मानतच नाही. 'दुधाचं सोसत नाही' असंही काही जण सांगतात. काम होतं, पण मग आचारी काळजीपोटी भाजी मिळमिळीत करून धाडतो.

अनेक हॉटेलांत भटारखान्यातली मंडळी परप्रांतातली असतात. वाढप्याला मराठीत सांगितलेलं तिथवर पोचेपर्यंत त्यातलं अर्धं गळून जातं. म्हणून त्याला केओटीवर, म्हणजे भटारखान्यात जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर, लिहायला सांगावं, 'बिना घी, बिना बटर, बिना क्रीम, बिना दही'. लिहिलेलं सहसा पाळलं जातं. वेळही महत्त्वाची आहे. दुपारी साडेअकरा ते साडेबारा आणि संध्याकाळी सात ते साडेसात, तेव्हा आचाऱ्याला बोलायला फुरसत असते. रात्री साडेनऊला त्याच्यासमोर पंधरा केओट्या टांगलेल्या असतात. त्यात तुमचं तूप कोण लक्षात ठेवणार! घरपोच मागवताना ॲपवरच्या सूचनेच्या रकान्यावर विसंबू नये. ऑर्डर टाकली की लगेच हॉटेलला फोन करावा.

पंजाबी मेन्यूकार्डाची गंमत अशी की त्यात भाज्या सत्तर असतात आणि ग्रेव्ह्या तीन-चार. सकाळीच पातेली भरून ठेवलेली असतात. एक लाल, कांदा-टोमॅटोची, बहुधा तेलातली. एक पांढरी किंवा पिवळसर, काजू-मगजाची, जिच्यात दूध, खवा, क्रीम यांपैकी काहीतरी असतंच. एक मखनी, तिच्या नावातच लोणी आहे. आणि पालकाची हिरवी. मेन्यूकार्डावरच्या भाज्या म्हणजे या पातेल्यांची कमीजास्त मिसळ. तेव्हा 'व्हेज कोल्हापुरीत बटर घालू नका' असं सांगून भागत नाही. ती पांढऱ्या पातेल्यातून निघाली असेल तर दूध, खवा किंवा क्रीम आधीच आत बसलेलं आहे. 'नुसत्या कांदा-टोमॅटोच्या चॉप मसाल्यात करा, काजू ग्रेव्ही घालू नका' असं सांगावं. भेंडी, बटाटा-जिरा, वांगं, फ्लॉवर, शेवभाजी या भाज्या अशा जमतात. मिक्स व्हेजमध्ये पनीरचे तुकडे ठरलेले. बिर्याणीच्या भाज्या दह्यात मुरवलेल्या असतात आणि वर तूप. तिचा नाद सोडावा. जिरा राइस मात्र त्याच वेळी परतून देतात, तेलात परता म्हटलं की परततात. डाळ फ्रायचंही तेच, साधी डाळ शिजवलेली तयार असते आणि तडका मागणीप्रमाणे पडतो.

थंडीत एक पारख करता येते. जानेवारीच्या रात्री भाजी टेबलावर पाच-सात मिनिटं तशीच ठेवली तर तुपाची कडा वाटीला पांढरी धरते. तेल तसं धरत नाही. अर्थात डालडाही गोठतो, आणि तो वनस्पतीचाच. तेव्हा पांढरी कडा दिसली म्हणजे गुन्हा शाबित झाला असं नाही, पण पुन्हा विचारायला कारण मिळालं. उन्हाळ्यात या पारखीचा काही उपयोग नाही.

तंदुरी रोटी कणकेची असते. 'बटर लावू नका' एवढं पुरतं, पण ते भाजीबरोबरच सांगावं. रोटी तंदुरातून निघते तेव्हा शेजारीच बटरचा डबा आणि कुंचला असतो आणि हाताला सवय असते. नान मैद्याचा, त्यात दही किंवा दूध, कधी अंडंही, तो नकोच. रुमाली रोटीतही दूध घालणारे आहेत. भटुऱ्याचं पीठ दह्यावर फुगतं. भाकरी मिळत असताना या फंदात पडावंच का, हाही एक प्रश्न आहे.

वीगन ताटाचा सगळा डोलारा भाकरीवर उभा, म्हणून हॉटेल 'चांगलं' की नुसतं 'चालतं' हे भाकरीवरूनच जोखावं. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा कमी. दळण जुनं झालं की त्याची विरी जाते. मग भाकरी थापताना कडेला तडकते आणि फुगत नाही. चांगली भाकरी करणारी बाई अशा वेळी उकळत्या पाण्यात पीठ भिजवते. ज्या हॉटेलाला तेवढी उसंत नसते ते पिठात मूठभर कणीक मिसळून मोकळं होतं. अशी भाकरी ओळखायला सोपी: तुकडा मोडताना तुटत नाही, वाकतो, आणि गार झाली की चामड्यासारखी ताणली जाते. निव्वळ ज्वारीची भाकरी पट्कन मोडते, पापुद्रा सुटा होतो आणि आत वाफ कोंडलेली असते. बीड बायपास, पैठण रोड, नगर रोड या बाजूंना 'चुलीवरचं' लिहिलेली हॉटेलं आहेत. तिथे भाकरी समोरच थापत असतील तर बसावं. टोपल्यात रचून ठेवलेली देत असतील तर उठावं.

अशा हॉटेलांत मटण आणि शाकाहारी दोन्ही शिजतं, तिथे वेगळी खबरदारी. पाटवडीचा किंवा शेवभाजीचा काळा रस्सा चवीला फर्मास लागतो, पण त्याची तर्री मटणाच्या पातेल्यातून उचललेली नाही ना, हे बघायला हवं. 'रस्सा वेगळा शिजवता की एकच?' असं विचारावं. भजी कुठल्या तेलात तळली, तव्यावर आधी अंडं फुटलं होतं का, हे ज्याने त्याने ठरवायचं. तव्याच्या विटाळापर्यंत जाणाऱ्याला बाहेर जेवणं जड जाईल, एवढं नक्की.

सकाळचं खाणं सोपं. पोहे तेलातले, दही वेगळं असतं. मिसळही तशी ठीक, पाव मात्र विचारून, कारण काही बेकऱ्या दुधाची भुकटी घालतात आणि वरून चकाकीसाठी लोणी फिरवतात. इडली-सांबार निर्धोक, पांढरी चटणी नाही: ओलं खोबरं महाग पडतं म्हणून डाळव्याची चटणी करतात आणि आंबटपणाला तिच्यात दही जातं. रवा डोशाच्या पिठात ताक असू शकतं. साध्या डोशाच्या पिठात नसतं, पण तव्यावर बटर फिरतं. ऑर्डर देतानाच 'तेलावर' म्हणावं. उपमा बऱ्याच ठिकाणी तुपात.

आणि सुशीला. लातूर, धाराशिव, बीडकडची ही न्याहारी पुण्या-मुंबईच्या वीगन मंडळींच्या कानावर गेलेली दिसत नाही. दोनशे ग्रॅम मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच काढायचे, दहा सेकंदांच्या वर नाही, आणि मुठीत हलकेच पिळायचे. कढईत तीन चमचे तेल, मोहरी, जिरं, कढीपत्ता, पाच-सहा हिरव्या मिरच्या, मूठभर शेंगदाणे, दोन कांदे, हळद. मग मुरमुरे, वर दोन-तीन चमचे डाळव्याचं पीठ, मीठ, कोथिंबीर, लिंबू. बिघडते ती भिजवण्यात: मुरमुरे पाण्यात विसरले की लगदा होतो, आणि डाळव्याचं पीठ कमी पडलं की ओलसर राहून चव लागत नाही. यात दूध कुठेच नाही, वरही नाही आणि आतही नाही. हॉटेलात मिळाली तर ताजी, समोर केलेलीच घ्यावी; तासभर झाकून ठेवलेली सुशीला वातड होते.

जुन्या शहरात, रोशन गेट ते शहागंजच्या गल्ल्यांत, नाव नान खलियाचं. खलिया मटणाचा, तेव्हा तो विषय मिटला. पण मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या काळाची काही उत्तम शाकाहारी देणी या भागात आणि नांदेडकडे टिकून आहेत. बगारा बैंगन घ्या: शेंगदाणे, तीळ, खोबरं भाजून वाटलेलं, चिंचेचा कोळ, तेल सुटेपर्यंत मंद आचेवर मुरलेली लहान वांगी. दाटपणासाठी मलईची गरजच पडत नाही. खिचडीबरोबरचा खट्टाही तसाच, तीळ-शेंगदाण्याचा आणि चिंचेचा. मिरचीच्या सालनात मात्र कुणी दही घालतं, तिथे चौकशी करावी. दालचा मागताना 'गोश्त का या सादा?' हे विचारल्याशिवाय चमचा बुडवू नये.

चहाचं दुखणं मोठं. टपरीवर दूध, पाणी, साखर, पत्ती एकत्रच उकळत असते, त्यात काही करता येत नाही. 'कोरा चहा, लिंबू मारून' मिळतो, पण पत्ती खूप उकळून कडू व्हायच्या आत गाळायला सांगावं. सोयाचं पेय हा उपाय, पण ते हॉटेलात नसतं. लातूरचा बाजार सोयाबीनने भरून वाहतो, सगळा माल तेलाला आणि पेंडीला जातो आणि त्याच लातुरात सोयाच्या दुधाचा चहा मागितला तर माणूस चक्रावतो! दुकानात घेताना पाकिटावर 'मिल्क' शोधू नये. बहुधा 'ड्रिंक' किंवा 'बेव्हरेज' असं लिहिलेलं असतं. हे पेय उकळत्या कडक चहा-कॉफीत थेट ओतलं की फाटतं. आंबटपणा आणि उष्णता एकदम मिळाली की त्यातली प्रथिनं गोठतात. आधी ते कोमट करावं, चहा गाळून मिनिटभर निववावा आणि मग चहा पेयात ओतावा, पेय चहात नाही. 'नॉन-डेअरी' लिहिलेली भुकटी मात्र उलटून वाचावी: घटकांत सोडियम केसिनेट असेल तर ते दुधातलंच प्रथिन आहे. याउलट कोको बटर आणि पीनट बटर या नावांना बिचकायचं कारण नाही.

गोडाची वेळ आली की बहुतेक दारं बंद होतात. पेढा, बर्फी, गुलाबजाम, सगळा खव्याचा कारभार. जिलेबी निर्दोष वाटते, पण तिचं पीठ आंबवायला दही घालतात. इमरती उडदाच्या डाळीची, दही नाही. तळण तेलाचं किंवा डालड्याचं असेल तर खुशाल खावी. शेंगदाण्याची चिक्की गुळाची, ताटाला तूप लावून थापली नसेल तर. नाहीतर फळं. बीडचं सीताफळ, जालन्याची मोसंबी, मराठवाड्याचा केसर आंबा, तिन्हींना भौगोलिक मानांकन आहे, आणि कुठल्याही हॉटेलाच्या गोडाच्या पानापेक्षा हे बरं. सीताफळ हंगामात गाडीवर मिळतं. त्याच्या रबडीच्या पाट्याही तेव्हाच लागतात, त्यांच्याकडे बघू नये.

हिवाळ्यात हुरडा निघाला की शहराबाहेरच्या शेतांवर जावं. कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजून हातावर चोळलेली, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, वांग्याचं भरीत. दह्याचा वाडगा शेजारी येतो, तो सरकवता येतो; भरीत मात्र आधी विचारून घ्यावं, त्यातच दही कालवणारे आहेत. वेळअमावस्येला लातूर-धाराशिवच्या रानात कुणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नये. भज्जी, म्हणजे पालेभाज्या, तुरीचे-हरभऱ्याचे ओले दाणे, चिंच आणि बेसन एकत्र घोटून केलेलं कालवण, भाकरीबरोबर हवं तितकं ओरपावं. आंबिलीचं मडकं तेवढं सोडावं, ते ताकाचं.

पुरणाच्या पंगतीत खरी कसोटी. पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ आणि गूळ, पोळी तेलावर लाटलेली असली तर तव्यावरून उतरेपर्यंत ती वीगनच असते, कटाची आमटीही. पण तूप वाढणारी बाई पोळी वाढणाऱ्याच्या मागोमाग एका पावलावर असते, आणि तिची पळी तुमच्या 'नको'पेक्षा वेगवान. 'नको नको' हा तिथे आग्रहाला दिलेला होकारच समजतात. म्हणून पोळी ताटात पडताच, काही न बोलता, दोन्ही तळहात तिच्यावर आडवे धरायचे आणि तूपवाली पुढच्या पानाकडे सरकेपर्यंत उचलायचे नाहीत.